हंगाम लांबवावा की आवरावा?

आपल्या महाविद्यालयात बुद्धिबळ खेळणारे मोजकेच. त्यांच्यातले मतभेद मात्र मोजण्यापलीकडचे! सध्या गाजत असलेला वाद असा, की बुद्धिबळ मंडळाच्या साखळी स्पर्धेचा हंगाम पूर्वीप्रमाणे १५ फेऱ्यांचा असावा, की ७ फेऱ्यांचे दोन छोटे हंगाम करावेत. बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आमच्या स्पर्धेत रोख बक्षीस नाही. विजेत्याला एक फिरता चषक मिळतो, आणि तोही स्वच्छ पुसून पुढच्या वर्षी परत करावा लागतो. पण जिथे मिळवण्यासारखे फारसे काही नसते तिथे माणसे केवळ आवडीपोटी येतात, आणि आवड संपली की कोणाला न सांगता येईनाशी होतात. हंगामाची लांबी हा त्या आवडीचाच प्रश्न आहे. गेली दोन वर्षे मंडळाची वही माझ्याकडे असल्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू मला कानांनी सोसाव्या लागल्या आहेत. त्या येथे मांडतो. माझे मतही लपवून ठेवणार नाही.

प्रथम थोडा हिशेब. साखळी पद्धतीत प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळतो. १६ खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ डाव येतात, आणि एकूण डाव होतात १२०. जोड्या लावण्याची रीत अगदी सोपी आहे. आठ-आठ नावे दोन ओळींत समोरासमोर लिहायची. पहिले नाव जागेवर ठेवायचे आणि उरलेली १५ नावे दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायची. जत्रेतला पाळणा फिरावा तशी नावे फिरतात, आणि पंधराव्या फेरीअखेर सर्वांची सर्वांशी गाठ पडून जाते. ऑस्ट्रियाच्या योहान बर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे तक्ते हेच काम करतात. त्यांत कोणी कधी पांढरी मोहरी घ्यायची हेही ठरलेले असते.

उलट, बाद पद्धतीत १६ खेळाडूंचा निकाल १५ डावांतच लागतो. चार फेऱ्या, की आटोपले. कॅरमच्या स्पर्धा आपल्याकडे अशाच होतात, आणि एका संध्याकाळीपुरत्या त्या छानच रंगतात. परंतु १६ पैकी आठजण पहिल्याच फेरीत घरी जातात, हेही विसरता येत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे स्विस पद्धत. १८९५ साली झुरिच येथे ती प्रथम वापरली गेली. तिच्यात कोणी बाद होत नाही. दर फेरीला सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून देतात, आणि फेऱ्या थोड्या असूनही वरचे आणि खालचे खेळाडू वेगळे होत जातात.

आता मुख्य प्रश्न. लांब हंगामाचा पक्ष घेणारे म्हणतात, की डाव जितके अधिक तितका निकाल खरा. हे म्हणणे खोटे नाही. मात्र ते किती खरे आहे, हे एकदा आकडेमोड करून पाहण्यासारखे आहे. समजा, दोन खेळाडूंपैकी एक थोडा सरस आहे. बरोबरीचे डाव सोडून दिले तर १०० पैकी ६० डाव तो जिंकतो. एलो यांच्या मानांकन पद्धतीत (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली) हा फरक सुमारे ७० गुणांचा होतो. म्हणजे नजरेला सहज दिसेल, पण दडपण आणणार नाही इतका. हे दोघे एकच डाव खेळले तर दुबळा खेळाडू १०० पैकी ४० वेळा जिंकेल. तीन डावांची लढत ठेवली तर ३५ वेळा. सात डावांची ठेवली तर २९ वेळा. पंधरा डावांची ठेवली तरी २१ वेळा! म्हणजे सातांचे पंधरा डाव करून आपण मिळवले काय, तर १०० लढतींत ८ लढतींची अधिक खात्री. पहिल्या काही डावांत खात्री भराभर वाढते आणि पुढे तिची चाल मंदावत जाते. ही दोघांमधल्या लढतीची गोष्ट झाली, संपूर्ण साखळीचा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. तरी वाढत्या डावांमागे खात्रीची वाढ घटत जाते हा नियम तिथेही सुटत नाही.

बाद पद्धतीचा हिशेब तर याहून गमतीचा आहे. १६ जणांत एक खेळाडू इतका चांगला आहे, की समोर कोणीही येवो, १०० पैकी ७० वेळा तोच जिंकणार. त्याला चार फेऱ्या ओळीने जिंकायच्या आहेत. ०.७ ला स्वतःनेच चार वेळा गुणले, की उत्तर येते सुमारे ०.२४. म्हणजे निर्विवाद श्रेष्ठ असलेला हा खेळाडू चारांतल्या तीन स्पर्धा हरून घरी जाणार! बाद पद्धतीत इतकी रंगत का असते, याचे कारण या गुणाकारात आहे. क्रिकेटमध्येही हा अनुभव आलेला आहे. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा ती पूर्णपणे बाद पद्धतीची स्पर्धा होती. एक सामना हरला की त्या संघाचा हंगाम संपला. पुढे १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने आले आणि संघांना वर्षातून काही सामने तरी खात्रीने मिळू लागले.

जागतिक बुद्धिबळाच्या इतिहासात दोन्ही टोके गाठून झालेली आहेत. १९२७ साली ब्यूनस आयर्स येथे कापाब्लांका आणि आल्येखिन यांच्यात झालेली लढत सहा विजय मिळवणाऱ्याची, अशी होती. डावांना मर्यादा नव्हती. ती ३४ डाव चालली आणि त्यांतले २५ बरोबरीत सुटले. हाच नियम १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांना लागू झाला. कार्पोव्ह यांनी पाच विजय मिळवले, आता एकच हवा होता. आणि तो एक काही केल्या मिळेना. सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झालेली ती लढत फेब्रुवारी १९८५ पर्यंत लांबली. ४८ डाव झाले, त्यांपैकी ४० बरोबरीत! अखेर महासंघाचे अध्यक्ष कंपोमानेस यांनी निकालाविनाच लढत थांबवली. त्यानंतर त्याच वर्षी नव्याने लढत झाली ती २४ डावांची मर्यादा घालूनच, आणि कास्पारोव्ह जगज्जेते झाले. जगातल्या दोन सर्वश्रेष्ठ खेळाडूंना, ज्यांचा हा पूर्णवेळचा व्यवसाय होता त्यांनाही, न संपणारा हंगाम झेपला नाही. मग सकाळी तास आणि दुपारी जिमखाना करणाऱ्या आमच्यासारख्यांची काय कथा?

पण आखूड लढतीचेही दुखणे आहेच. २०१८ मध्ये लंडन येथे कार्लसन आणि कारुआना यांच्यात १२ डाव झाले आणि बाराही बरोबरीत सुटले. जगज्जेता ठरवावा लागला तो जलद डावांवर. त्यानंतर महासंघाने डावांची संख्या वाढवून १४ केली. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेशने डिंग लिरेन यांना ७.५ विरुद्ध ६.५ असे हरवले, ते चौदाव्या आणि शेवटच्या डावात. बारा डावांनंतर ते दोघे ६-६ असे बरोबरीत होते. जुनीच मर्यादा असती तर तिथेही जलद डाव खेळावे लागले असते.

आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तो बाद पद्धतीच्या स्पर्धेत. तिला पंधरावे मानांकन होते, आणि अंतिम फेरीत समोर होत्या कोनेरू हंपी. वर सांगितलेला ०.७ चा गुणाकार श्रेष्ठाच्या वाटेत जसा आडवा येतो, तसा मागून येणाऱ्यासाठी तो दारही उघडतो. अर्थात दार उघडे असले, तरी आत शिरायला दिव्यासारखा खेळ लागतो, हे सांगायला नको.

आता आपल्या जिमखान्याकडे वळू. येथे वरील हिशेबात न बसणारी एक गोष्ट घडते, ती म्हणजे माणसे येत नाहीत. कार्लसन दुपारची एस.टी. चुकेल म्हणून डाव सोडून जात नाही. आमच्याकडे जातात. गेल्या वर्षी १६ जणांची १५ फेऱ्यांची साखळी झाली. दर शनिवारी एक फेरी, असे ठरले होते. १५ आठवडे म्हणजे कागदावर एक सत्र. पण त्यात गणपती आले, नवरात्र आले, अंतर्गत चाचण्या आल्या, सत्रपरीक्षा आली, मग दिवाळीची सुटी. आणि जुलैत सुरू झालेली स्पर्धा जानेवारीत संपली. १२० डावांपैकी २३ डाव खेळलेच गेले नाहीत. समोरच्याला पुढे चाल द्यावी लागली. या २३ पैकी १७ डाव शेवटच्या पाच फेऱ्यांतले होते. दहाव्या फेरीअखेर ज्याचे तीन गुण झाले आहेत, त्याने अकराव्या फेरीला कशासाठी यावे? त्याला चषक मिळणार नाही, आणि शेवटून दुसरा की तिसरा, एवढ्यासाठी कोणी शनिवारची दुपार देत नाही.

तळाचे खेळाडू गळाले तर वरच्यांचे काय बिघडले, असा प्रश्न येईल. बिघडते ते असे. वसतिगृहात राहणारा एक चांगला खेळाडू दहा फेऱ्या खेळला आणि वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेला तो परतलाच नाही. माझ्या एका मित्राची, तो इतिहासाचा विद्यार्थी आहे, त्याच्याशी गाठ तिसऱ्या फेरीला पडली होती. तो डाव माझा मित्र हरला. पुढे जो विजेता ठरला त्याची गाठ तेराव्या फेरीला होती. त्याला बसल्या जागी पूर्ण गुण मिळाला. शेवटी विजेत्याचे गुण ११.५ आणि माझ्या मित्राचे ११. यात दोष कोणाचाच नाही. आंतरराष्ट्रीय नियमही असाच आहे: साखळीत निम्मे किंवा अधिक डाव खेळून कोणी गेला, तर त्याचे झालेले निकाल कायम राहतात आणि उरलेल्यांना पुढे चाल मिळते. निम्म्याहून कमी डाव खेळून गेला, तर त्याचे सगळे निकाल क्रमवारीच्या हिशेबातून वगळतात. मग ज्यांनी तीन-तीन तास डोके खाजवून त्याला हरवले, त्यांचा गुण जातो. नियम कोणताही लावा, कोणाच्या तरी पदरात अन्याय पडतोच. माझ्या मित्राने विजेत्याचे अभिनंदन केले, आमच्यासोबत कँटीनला येऊन चहा घेतला, आणि यंदा नाव नोंदवले नाही. विचारले तर म्हणतो, अभ्यास आहे. अभ्यास त्याला गेल्या वर्षीही होता.

म्हणून माझे मत असे, की हौशी स्पर्धेत हंगामाची लांबी श्रेष्ठ खेळाडू शोधण्याच्या गरजेवरून ठरवू नये. तळाचा खेळाडू किती आठवडे उमेदीने येईल, यावरून ठरवावी. साखळीतला प्रत्येक निकाल बाकीच्या सर्वांच्या हजेरीवर टेकलेला असतो. माणसे निघून गेल्यावर अधिक डावांमुळे वाढणारी खात्री कागदावरच राहते. जे डाव पटावर झालेच नाहीत, ते मोजून कोण श्रेष्ठ हे कसे कळणार?

यंदाच्या पहिल्या सत्रात मंडळाने एक प्रयोग केला. १६ जणांच्या दोन फळ्या केल्या, आठ-आठांच्या. प्रत्येक फळीत सात फेऱ्यांची साखळी, २८ डाव. हंगाम संपला की पहिल्या फळीतले शेवटचे दोघे खाली आणि दुसऱ्या फळीतले पहिले दोघे वर. दुसऱ्या सत्रात पुन्हा सात फेऱ्या. म्हणजे वर्षभरात प्रत्येकाचे १४ डाव होतात. पूर्वी १५ होत होते. खेळ कमी झालाच नाही; पाटी कोरी करण्याची संधी तेवढी एक वाढली. शिवाय सहाव्या फेरीलाही तळाच्या खेळाडूला काही तरी वाचवायचे असते, आणि दुसऱ्या फळीतल्या दोघा-तिघांना वर जायचे असते. पहिल्या सत्रातल्या ५६ डावांपैकी चारच डाव झाले नाहीत. एका सत्राच्या अनुभवावर डांगोरा पिटणे बरे नव्हे, आणि नवी गोष्ट म्हटली की पहिल्या वर्षी उत्साह असतोच. तरीही २३ कुठे आणि ४ कुठे!

वर्षाला दोन हंगाम ही कल्पना काही आमची नाही. मेक्सिकोच्या फुटबॉल लीगने १९९६ पासून वर्षाचे दोन छोटे हंगाम केले आणि वर्षातून दोन विजेते होऊ लागले.

लांब हंगामवाल्यांचे जे आक्षेप आहेत, त्यांतले काही मला खरोखर पटतात. पहिला रंगाचा. सात डाव म्हटल्यावर कोणाला चार वेळा पांढरी मोहरी मिळणार, कोणाला तीनच वेळा. पांढऱ्याला पहिली चाल असल्यामुळे मोठ्या स्पर्धांत त्याच्या वाट्याला १०० पैकी सुमारे ५४-५५ गुण जातात. आमच्या पातळीवर वजीरच जिथे फुकट जातो, तिथे या फरकाला फार महत्त्व नाही. पण तक्रार रास्त आहे. (१५ डावांतही आठ आणि सात असतातच म्हणा.) दुसरा आक्षेप बरोबरीच्या गुणांचा. सात फेऱ्यांत दोघा-तिघांचे गुण सारखे होतात आणि मग विजेता ठरवण्यासाठी कोणी कोणाला हरवले याची उजळणी करावी लागते. यंदाही तसे झाले. एकदा आजारी पडलेल्या खेळाडूला छोट्या हंगामात सावरायला वेळ मिळत नाही, हेही खरे.

परंतु सर्वांत जड आक्षेप निराळाच आहे, आणि तो विजेत्यांनी नव्हे, एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीने घेतला. ती दुसऱ्या फळीत आहे. ती म्हणाली, "दादा, पूर्वीच्या पद्धतीत निदान एकदा तरी चॅम्पियनसमोर बसायला मिळायचं. आता आम्ही आपापसातच खेळायचं का?" याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी स्वतः प्रथम वर्षाला असताना तेव्हाच्या विजेत्याकडून १९ चालींत हरलो होतो. डाव संपल्यावर त्याने पट पुन्हा मांडला आणि माझा घोडा कुठे अडकला ते दाखवले. तो अर्धा तास मला त्या वर्षीच्या सगळ्या विजयांपेक्षा उपयोगी पडला. फळ्या पाडल्या की हे बंद होते. बलवान बलवानांत, नवशिके नवशिक्यांत.

यावर तोडगा म्हणून मी असे सुचवले आहे, की दोन्ही हंगाम संपल्यावर फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी सर्वांची मिळून स्विस पद्धतीची एकदिवसीय स्पर्धा घ्यावी. पाच फेऱ्या, प्रत्येकाला १५ मिनिटे. एका डावाला जास्तीत जास्त अर्धा तास लागेल, म्हणजे दुपारच्या जेवणाची सुटी धरूनही चारपर्यंत सर्व मोकळे होतील आणि एस.टी. कोणाची चुकणार नाही. पहिल्या फेरीत वरच्या आठांची गाठ खालच्या आठांशी घालावी. त्या विद्यार्थिनीला हवा आहे तो डाव तिला तिथे मिळेल. पट पुन्हा मांडून दाखवण्याइतका वेळ मात्र दोन फेऱ्यांच्या मध्ये ठेवला पाहिजे. माझी ही सूचना लांब हंगामवाल्यांना "थातूरमातूर" वाटते. त्यांच्या मते सर्वांशी शांतपणे एकेक डाव खेळण्याची सर याला येणार नाही. येणार नाहीच. पण सर्वांशी शांतपणे एकेक डाव खेळणारे १६ जण जानेवारीपर्यंत टिकवून दाखवावेत, मग मी वही त्यांच्या हाती देईन आणि जुन्या पद्धतीला हात वर करीन.

वर्षअखेरीच्या सभेत हा प्रश्न मताला टाकला जाणार आहे. प्रयोग कायम झाला तर एक अडचण मात्र उरते. चषकाच्या लाकडी बैठकीवर पितळी पट्ट्या आहेत, आणि वर्षाला एकच पट्टी बसेल अशी त्यांची आखणी आहे. यापुढे वर्षाला दोन नावे येणार. अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या करून मिळतील का, असा अर्ज आम्ही जिमखान्याकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.